चौथा वाटा

भास्करभाईंच्या बाराव्याला त्यांच्या थोरल्या मुलीने, शुभाने, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. धारगळच्या त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. जुने कामगार आले होते, आमोण्याच्या धक्क्यावरचे बार्जवाले आले होते. मी दहा मिनिटं बोललो. प्रामाणिकपणा, शिस्त, कुटुंबवत्सलपणा असं सगळं व्यवस्थित बोललो. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी पदराने डोळेही टिपले. सांगायची गोष्ट एकच होती आणि ती सोडून मी बाकी सगळं सांगितलं. शुभाने मला चहा आणून दिला आणि म्हणाली, "सदुकाका, पप्पा तुमच्याबद्दल किती बोलायचे." मी कप तसाच खाली ठेवला.

म्हणून आता हे लिहायला बसलोय. तेव्हा बोललो नाही ते.

मी बीएस्सी होऊन डिचोलीच्या खाणीवरच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा भास्करभाई तिथे मुख्य केमिस्ट होते. खनिजात लोखंड किती, हे ते सांगणार आणि त्यांची सही झाल्याशिवाय आमोण्याहून मालाची बार्ज सुटणार नाही, असा त्यांचा अधिकार. माणूस मात्र दिसायला अगदीच किरकोळ. बुटका, कानांवर केस, अंगात एके काळी पांढरा असलेला कोट. डिचोलीत तेव्हा पांढरं काही पांढरं राहत नसे. ट्रकांच्या लाल धुळीने कुत्रीसुद्धा एकाच रंगाची झाली होती. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, कॉलेजातलं सुवर्णपदक असल्याच्या थाटात उभा राहिलो. भाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या हातात फावडं दिलं.

"हां काय?" मी विचारलं. मी डिचोलीचा, भाई पेडण्याकडच्या धारगळचे, त्यामुळे आमचं बोलणं असंच कोकणी-मराठी मिश्र चाले.

"हां फावडां," ते म्हणाले. "आदी ढीग करूक शीक. अॅसिड खंय पळान जायत नाय."

आठ दिवस मी फक्त ढीग केले. ट्रकमधून आलेल्या खनिजाचा नमुना काढायची एक रीत असते. माल ओतून त्याचा शंकूसारखा ढीग करायचा, तो वरून दाबून भाकरीसारखा पसरायचा, त्यावर फावड्याने अधिक चिन्ह काढून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, उरलेले दोन टाकायचे. ठेवलेले परत मिसळायचे, परत ढीग, परत चार भाग. असं करत करत ट्रकभर मालाची मूठभर पूड होते आणि त्या मुठीत अख्खा ट्रक प्रामाणिकपणे उतरलेला असतो. भाई म्हणत, पृथक्करण कुठलंही पोर करील, नमुना काढायला माणूस लागतो. माझ्या हाताला फोड आले. नवव्या दिवशी त्यांनी माझा ढीग पाहिला, बोटाने जरा चाचपला आणि म्हणाले, "आता हात धू आणि आत ये." शाबासकी म्हणून एवढंच.

ही रीत त्यांनी घरीही चालवली होती हे मला दिवाळीत कळलं. डिचोलीच्या बाजारामागे दोन खोल्यांत ते, वहिनी आणि तीन मुली राहत. मी फराळाला गेलो तर भाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले. त्यावर चिवड्याचा शंकू. त्यांनी तो हलकेच दाबला, सपाट केला, कुलेराच्या, म्हणजे चमच्याच्या, दांड्याने त्यावर अधिक चिन्ह काढलं. तिन्ही मुली श्वास रोखून बघत होत्या. आधी म्हणे चिवडा वाढला की काजूवरून रडारड व्हायची. भाईंची रीत सुरू झाल्यापासून बंद झाली. चार भागांत काजू, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप सारखे यायचे, मोजून घ्या.

"पण मुली तीन," मी म्हटलं. "चौथा वाटा?"

"तो पाहुण्याचा," वहिनी म्हणाल्या. "पाहुणा नसला तर ह्यांचा. म्हणून तर पाहुणे आलेले ह्यांना आवडत नाहीत."

भाई गालात हसले आणि चौथा वाटा माझ्यापुढे सरकवला. "लॅबात दोन वाटे टाकूक लागतत," ते म्हणाले. "घरात काय टाकूचां नसतां."

शुभाचं लग्न ठरवायला भाई साखळी गावाकडे मुलगा बघायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. बोलणी होत आली तोवर भाई उठून परसात गेले आणि खिशातली बाटली काढून त्यांनी विहिरीचं पाणी भरून घेतलं. यजमान बघतच राहिले. भाईंनी सांगितलं, परवा निरोप देतो. परवा निरोप गेला की मुलगा पसंत आहे, पण पाणी जड आहे, डाळ शिजायला वेळ लागेल, तेव्हा सुनेने स्वयंपाक उशिरा केला तर तिला बोलायचं नाही. त्या माणसांनी हे कसं घेतलं असेल देव जाणे, पण लग्न झालं. आज शुभाचे सासरे स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगतात. डाळ उशिरा शिजली तरी तिला कोणी कधी बोललं नाही.

आता सहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

भाई स्वतः तपासल्याशिवाय कशावरही सही करत नसत. धक्क्यावर बार्ज थांबलेली, भरती ओसरायला लागलेली, व्यवस्थापकाचा तिसरा फोन, असं सगळं असलं तरी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत बसायचे. हिरवट द्रावण एका थेंबात जांभळं होतं. तो थेंब त्यांना स्वतः बघायचा असे. "एक थेंब आदी थांबलो तो घाबरट, एक थेंब मागसून थांबलो तो लबाड," असं त्यांचं म्हणणं. मग हात धुवायचे, चष्मा पुसायचा आणि सही करायची. सही लांबलचक, वळणदार, पण पेन कागदावर टेकलं की शेवटच्या रेघेपर्यंत उचलायचं नाही. मुलींच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा ते आधी प्रत्येक विषयाची बेरीज करून बघत, मग सही.

पावसाळ्यात खाण बंद असली की लॅबला काम नसे. अशा दुपारी मी गाळणकागदाच्या चकत्यांवर त्यांची सही गिरवायला लागलो. नुसता चाळा. पंधरा दिवसांत हुबेहूब जमली. एकदा भाई मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता खैर नाही. त्यांनी चकती उचलली, लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.

"बरी जमली," ते म्हणाले. मग ती चकती त्यांनी बर्नरच्या ज्योतीवर धरली. "आता इसर."

मी विसरलो नाही.

पुढे गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. घराघरांत दुफळी पडली. मी मराठीच्या बाजूचा, आणि नुसता बाजूचा नाही, काम सुटलं की सह्यांचे कागद घेऊन डिचोलीच्या गल्ल्या पालथ्या घालणारा. भाईंचे थोरले भाऊ, नाना, धारगळच्या शाळेत शिक्षक आणि कोकणीचे कट्टर. गंमत अशी की दोघे भाऊ बोलत ते शब्दन् शब्द एकच. भाई रोजची डायरी मराठीत लिहीत आणि शिव्या कोकणीत देत. दोन्हीकडचे लोक त्यांना ओढत. ते म्हणत, "माझ्या तोंडात दोनय इरगळल्यात. आता येगळे करूची रीत माका येयना."

घरचा गणपती धारगळच्या घरी, नानांकडे. भाऊ कुठेही असले तरी चवथीला सगळे तिथेच, ही आपल्याकडची पद्धत. गणपती वेगळा आणणं म्हणजे घर फुटलं असं जगजाहीर करणं. आंदोलन पेटायच्या आदल्या चवथीला, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली उभं राहून, नानांनी भाईंना कोकणीच्या कागदावर सही मागितली. भाई म्हणाले, "मी खंयच्याच कागदार सही करूचंय नाय. तुझ्या नाय, तेंच्याय नाय. देवासमोर सांगतंय." नानांनी ते मान्य केलं. भाऊ आपल्याला सही देत नाही, तरी समोरच्यांनाही देणार नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. हे सगळं भाईंनी स्वतः मला सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. न जाणता केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

माझ्या कागदावर एक ओळ रिकामी राहिली होती. एकच. बैठकीत एकाने मला डिवचलं, "काय रे, तुझ्या साहेबाचीच सही नाही? तुझं घरात कोणी ऐकत नाही वाटतं." सगळे हसले. मी घरी येऊन जेवलो, कागद पुढ्यात घेतला आणि भास्करभाईंची सही केली. मनाची समजूत घातली ती अशी: भाई मनातून आपलेच आहेत, डायरी मराठीत लिहितात, भावाच्या भिडेने गप्प आहेत, मी त्यांचं काम सोपं करतोय. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला मर्यादा नाही. सही करताना मात्र मी मध्येच दोनदा थांबून दाराकडे बघितलं.

महिन्याभराने सह्या करणाऱ्यांची नावं पत्रकात छापून आली. पेडण्यापर्यंत गेली. मी मनात म्हटलं, नुसतं नाव आहे, भाई म्हणतील चुकून आलं. नाना मास्तर होते, त्यांनी नुसत्या नावावर विश्वास ठेवला नाही. कुठून तरी मूळ कागदाची झेरॉक्स मिळवली आणि एका सकाळी म्हापशावरून बस बदलून थेट आमच्या लॅबमध्ये आले. मी नळीपाशी उभा होतो, द्रावण हिरवं होतं, अजून पाचसहा थेंब जायचे होते.

नानांनी कागद मेजावर ठेवला. "ही सही तुझी?"

भाईंनी चष्मा पुसला, घातला. कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मी नळीचा खटका धरून उभा. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"माझीच," ते म्हणाले.

नानांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "तू तेंच्या बाजूक गेलंस हेचो माका राग नाय रे. देवासमोर तू माका फसयलंस." दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "तुझो गणपती आता तू येगळो हाड."

ते गेले. माझ्या भांड्यातलं द्रावण कधीच जांभळं होऊन पुढे गेलं होतं. भाईंनी एकवार तिकडे पाहिलं. "तां फुकट गेलां," ते म्हणाले. "परत घाल." आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाना रस्त्याच्या वळणापर्यंतही पोचले नव्हते. मी नवं द्रावण घेतलं.

भाईंनी वेगळा गणपती आणला नाही. त्या चवथीला मुलींनी डोळे सुजवून घेतले, वहिनी भाईंशी दोन दिवस बोलल्या नाहीत. भाई संध्याकाळी छत्री घेऊन निघाले. मी म्हटलं, मीही येतो. धारगळला पोचलो तेव्हा आरतीची वेळ झाली होती. भाई अंगणात जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, उभे राहिले. छत्रीवर पाऊस वाजत होता. आत नाना आरती म्हणत होते, बाहेर भाईंचे ओठ हलत होते. नानांनी एकदा जनेलातून पाहिलं, आरती न थांबवता मान फिरवली. नंतर त्यांच्या बायकोने जनेलाच्या गजांतून केळीच्या पानावर प्रसाद दिला. भाईंनी तो तिथेच उभ्या उभ्या अर्धा केला आणि एक भाग मला दिला. असं ते दर चवथीला जात राहिले. मी त्यानंतर परत गेलो नाही. मला बघवत नव्हतं, असं मी इतरांना सांगायचो. बघवायचं नाही हे खरं, पण जनेलातून आत ओरडून दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागला असता?

मग गोव्याचं वेगळं राज्य झालं. लॅबमध्ये पेढे आले. भाषेचं काय व्हायचं ते कायद्याने झालं, दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवायला लागले. मी फिरवलेले ते कागद कुठल्या कपाटात सडले कोण जाणे. मला बढती मिळाली. लग्न झालं, घर बांधलं. भाई निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली आणि प्रमाणपत्रांवर माझी सही जायला लागली. दर वेळी पेन टेकवताना मला त्यांची आठवण येई आणि दर वेळी मी ठरवी, येत्या रविवारी नानांकडे जायचं. रविवार पुष्कळ आले. भाईंनी धारगळलाच नानांच्या अंगणाला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. अंगण एक, विहीर एक, आणि दोन म्हातारे वेगवेगळ्या वेळी पाणी काढायचे.

नाना गेले. मी अंत्यविधीला गेलो. भाई भावाच्या पायाशी बसून होते. त्यांनी मला पाहिलं आणि जरा सरकून जागा करून दिली. मी तिथेही बोललो नाही. आता बोलून काय उपयोग, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला सहीपेक्षाही जास्त वाटते.

त्यानंतर दोन वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, धारगळला गेलो. हायवेवर बसमधून उतरून चालत घरापर्यंत गेलो. भाई पडवीत बसले होते. पुष्कळ वाळले होते, कानांवरचे केस तेवढे तसेच. वहिनी आतून म्हणाल्या, "सदू आलाय, चिवडा काढू ना?" भाईंनी मान हलवली. मी खुर्चीत बसायच्या आधीच बोललो. बसलो असतो तर परत राहिलं असतं.

"भाई, त्या कागदावरची सही मी केली होती."

"म्हायत आसा."

"कधीपासून?"

"नानान कागद मेजार घातल्यान तेवांच." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "मी पेन उचलीत नाय. तू दोनदा उचललंस."

मी विचारलं, मग तुम्ही माझी का म्हणालात? त्यांनी खांदे उडवले. "नाय म्हटलंय असतंय तर तुझी नोकरी गेली असती. आणि लॅबातली एकय सही मगे कोणी खरी मानली नसती. बार्जी चलत हुत्यो त्या सह्यांवर." मग म्हणाले, "माका वाटलां, तू नानाकडे जातलंस. कंपनीत बोलू नको, घराकडे जावन तेका येकट्याक सांग. तेवढां पुरे हुतां. मी सांगून तेका खरां वाटूचां नाय, तुझ्या तोंडातसून वाटलां असतां. मी वाट बघत हुतंय. नाना गेलो, तेवां सोडलंय."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान मला रडता आलं असतं.

वहिनींनी चिवडा आणला. भाईंनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तो ओतला. हात कापत होते, तरी शंकू नीट झाला. तो दाबला, सपाट केला, कुलेराच्या दांड्याने अधिक चिन्ह काढलं. एक वाटा वहिनींना दिला. एक स्वतःकडे ओढला. एक माझ्यापुढे ठेवला. चौथा तसाच राहिला.

"हा कुणाचा?" मी विचारलं. मुली तर केव्हाच आपापल्या घरी गेल्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "नानांचा. इथे राहायला आल्यापासून रोज काढतात. आधी मी त्यांच्या जनेलात नेऊन ठेवायची, ते घ्यायचे. कुणी ठेवला ते त्यांना ठाऊक असायचं, पण बोलले नाहीत कधी. आता ते नाहीत, पण ह्यांचा हात थांबत नाही, म्हणून काढतात."

भाईंनी कागदाची कड धरली आणि चौथा वाटाही हळूच माझ्याकडे सरकवला.

"आज तू खा," ते म्हणाले.

मी दोन्ही वाटे खाल्ले. दाणा दाणा खाल्ला, ते बघत होते म्हणून. नानांच्या वाट्यात काजू होते, शेंगदाणे होते, खोबऱ्याचे काप होते. माझ्या वाट्याइतकेच होते, एकही कमी नव्हता.